वहीत न आलेली मूठ

माझे वडील चिरेखाणीवर जांभा दगडाचे चिरे काढायचे. रत्नागिरीच्या आसपास त्या काळात बांधलेल्या कितीतरी घरांच्या भिंतींत त्यांच्या हातचे चिरे आहेत. आमच्या घराच्या भिंती मात्र कुडाच्या होत्या, वरून शेणामातीचा लिंपा. दर दिवाळीला आई तो नव्याने द्यायची आणि दर पावसाळ्यात समुद्राच्या अंगाने तो सुटायचा. वडिलांना याचं काही वाटत असेल तर त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. "चिरा लोकांचा, माती आपली," एवढंच म्हणायचे आणि विडी पेटवायचे.

मी शाळेत असताना एक चिरा त्यांच्या उजव्या हातावर आला. दोन बोटं वाकडी झाली ती झालीच. टिकाव धरता येईना. खाणीवरून त्यांना कोणी काढलं नाही, तेच जायचे थांबले. मग घर आईवर आलं. सकाळी पेज, रात्री पेज, आणि पेजेत घालायला आगळाचे चार थेंब. आगळ म्हणजे रातांब्याचा मिठात उतरवलेला रस. लोक त्याची कढी करतात, माशांच्या कालवणात घालतात, सरबत करतात. आमच्याकडे ते भाजीच्या जागी होतं.

आगळ भरपूर असण्याचं कारण आईच ते करायची. रातांब्याची झाडं आमची एकही नव्हती. शेजारी एक मुसलमान कुटुंब होतं, घरातला पुरुष बोटीवर खलाशी, वर्षातून दोन महिने घरी. त्याच्या बायकोला आम्ही चाची म्हणायचो. तिच्या घरामागच्या परड्यात रातांब्याची मोठी झाडं. चाचीची झाडं आणि आईचे हात, असा अर्धेलीचा व्यवहार होता. एप्रिल-मेमध्ये दोघी चाचीच्या अंगणात बसून रातांबे फोडायच्या, मीही बसायचो. मे महिनाभर माझी बोटं लालभडक. जूनमध्ये शाळा उघडली की मास्तर नाव न घेता म्हणायचे, "त्या लाल बोटंवाल्याला उभं करा."

त्याच बोटांनी मी पुढे रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालो. आमच्या वाडीत पहिला ग्रॅज्युएट मी. हे मी अजूनही सांगतो, आणि सांगताना आवाज थोडा चढतो, तो चढू देतो. गावातल्याच कॉलेजात मला डेमॉन्स्ट्रेटरची जागा मिळाली. पोरांच्या हातून काचेची नळी फुटू नये म्हणून पाठीशी उभं राहायचं, असं ते काम. आईला वाटायचं मी औषधं बनवतो.

आमचे प्राध्यापक घाटावरचे होते. नवीन बदली होऊन आलेले, एकटे राहायचे. एका रविवारी त्यांना मी जेवायला घरी आणलं. घरात बसायला पाट एकच होता, तो त्यांना दिला. आईने भात, बांगड्याचं कालवण आणि सोलकढी वाढली. सर कढीची वाटी तीनदा मागून प्याले. मग म्हणाले, "मावशी, हे कोकम कधीचं?"

"गेल्या सालचं आगळ हाय ता."

"गेल्या वर्षीचं? मग आंबलं कसं नाही?"

"आंबायला ता काय आंबोळीचं पीठ हाय?" आई म्हणाली. वडील भिंतीकडे तोंड करून हसले.

सरांनी मात्र तो प्रश्न सोडला नाही. बाजारात आगळ मिळायचं, पण ते महिन्या-दोन महिन्यांत फसफसायचं, वर बुरशी धरायचं. म्हणून कोणी लांब पाठवायचं नाही. आईचं वर्षभर टिकायचं. का टिकतं हे कळलं, कागदावर आलं, तर हा गावाचा धंदा होऊ शकतो, असं सरांनी जाताना रस्त्यात मला सांगितलं. "नुसता निबंध लिहून कपाटात ठेवायचा नाही," म्हणाले. "बाटलीत भरून मुंबईला जायला पाहिजे."

तसं आमचं काम सुरू झालं. आईचं, चाचीचं, सरांचं आणि माझं. सर आठवड्यातून दोनदा यायचे, चाचीच्या अंगणात जांभ्याच्या दगडावर रुमाल टाकून बसायचे आणि विचारायचे. आई उत्तर द्यायची, मी लिहायचो. कुठल्या झाडाचे रातांबे घ्यायचे, किती पिकलेले, सालं किती वेळात मिठात घालायची, दिवसातून किती वेळा ढवळायचं, कशाने ढवळायचं. चाचीने एक गोष्ट सांगितली जी सरांनी ताबडतोब लिहून घ्यायला लावली. तिच्या नवऱ्याच्या बोटीवर लोणच्याच्या बरण्या वाळूत रुतवून ठेवत, म्हणजे त्या हलत नाहीत आणि गारही राहतात. सरांनी आपल्या बाजूने बाटल्या उकळून घेणं शिकवलं, बुचावर मेण ओतणं शिकवलं. आई म्हणायची, "मास्तर, तुमी बाटलीला आंघोळ घालता नि वर टोपी घालता. बाळंतिणीचं पोर हाय जसं काय."

सगळ्यात महत्त्वाचं होतं मीठ. तयार आगळात मीठ किती आहे हे प्रयोगशाळेत तपासायला गेलो तर रातांब्याचा रंगच आड यायचा. आमच्या तपासणीत रंग बदलतो त्यावरून हिशेब लागतो, आणि या लालगडद रसात दुसरा कुठला रंग दिसायला तयार नव्हता. रस इतका आंबट की त्यानेही ती तपासणी बिघडायची. शेवटी सर म्हणाले, "मागून तपासायचं नाही. घालतानाच मोजायचं."

आईकडे मीठ मोजायचं लाकडी मापटं होतं. ती माप भरून बरणीत ओतायची आणि मोजायची, "लाभ... दोन... तीन... चार." पहिल्या मापाला आमच्याकडे 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. चाची मोजायला बसली की ती 'बरकत, दोन, तीन' म्हणायची. मी सांगितलं तेव्हा सरांना ते फार आवडलं. त्यांनी मला ते वहीच्या समासात टिपून ठेवायला सांगितलं. मी टिपलं. आणि वहीत लिहिलं: टोपलीभर सालांना मीठ, चार मापटी.

वर्ष असं गेलं. दुसऱ्या वर्षी सरांनी सरकारी खात्याकडून थोडी मदत मिळवली. चाचीच्या सासरचं बंदराजवळ एक जुनं कोठार होतं, पूर्वी शिडं-दोरखंड ठेवायचं, ते तिने नवऱ्याला पत्र घालून मागून घेतलं. गिरगावात आमच्याच भागातल्या एका माणसाची खानावळ होती. त्याने कळवलं की माल टिकत असेल तर दरसाल लागेल तेवढा घेईन, टिकत नसेल तर एकदाही नको.

आणि सरांनी एक अट घातली. पहिला मोठा घाणा आईने करायचा नाही.

"मावशींनी केलं तर टिकणारच," ते मला म्हणाले. "प्रश्न तो नाही. प्रश्न हा, की तुझ्या वहीवरून दुसऱ्या कुणी केलं तर टिकतं का? नाहीतर मावशी एवढाच धंदा."

मला ते पटलं. आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "म्हणजे माझं आगळ करायचं नि मलाच घरी बसवायचं?"

"प्रयोग असतो तो, आई."

"बरं. असूदे." आणि सुपातले खडे जरा जोरात फेकले.

चाचीलाही येऊ दिलं नाही. मी, कॉलेजातले दोन शिपाई आणि सर, असे आम्ही चार पुरुष कोठारात उभे राहून रातांबे फोडत होतो. मीठ मी स्वतः मोजलं. कमी-जास्त होऊ नये म्हणून प्रत्येक मापटं भरलं की वरून फुटपट्टी फिरवायचो आणि काठोकाठ सपाट करायचो. दाणा वर नाही, दाणा खाली नाही. शास्त्र म्हणतात ते हेच, असं मला वाटत होतं. मोठ्याने मोजत होतो, "एक, दोन, तीन, चार." आठ दिवस ढवळलं, गाळलं, उकळलेल्या बाटल्यांत भरलं, मेण लावलं. दिसायला आईच्यापेक्षा देखणं. खोक्यांत पेंढा घालून मी स्वतः पडावाच्या होडीतून बोटीपर्यंत पोचवलं.

पुढचं मला बोटीवरच्या एका ओळखीच्या कारकुनाने परतीच्या खेपेला सांगितलं. जयगड मागे पडलं न पडलं तोच पहिलं बूच उडालं. मग दिवाळीच. खोक्यांना टेकून एक गृहस्थ निजले होते, त्यांचं धोतर लाल झालं. बाजूची बाई ओरडली, माणूस कापला. सगळा डेक जमा. गृहस्थ जागे झाले आणि स्वतःच स्वतःची जखम शोधायला लागले. कारकून हसत हसत सांगत होता, मीही थोडं हसलो. मग खानावळवाल्याचं कार्ड आलं. उरलेल्या बाटल्याही त्याच्या माळ्यावर फुटल्या होत्या. शेवटी लिहिलं होतं, तुमचं आगळ अजून माणसाळलेलं नाही, माणसाळलं की कळवा.

सरांनी कार्ड दोनदा वाचलं. खात्याला ते आधीच कळवून बसले होते की पद्धत भरवशाची आहे. ते मला एवढंच म्हणाले, "वही पुन्हा बघ. या मोसमात दाखवता आलं तर दाखवू. नाही तर खातं मदत काढून घेईल, आणि खानावळवालाही थांबणार नाही."

मी वही दहादा बघितली. त्यात चूक नव्हती. आई बोलली ते ते सगळं तिथे होतं. मग माझ्या मनात जे आलं त्याची मला आजही लाज वाटते. बायका आपल्या हातचं एखादं काही राखून ठेवतात, सुनेलासुद्धा सांगत नाहीत, हे मी ऐकलेलं होतं. घरी आलो. आई चुलीशी होती. मी उभ्यानेच विचारलं, "आई, तू मला सगळं सांगितलंस ना?"

"म्हणजे काय ता?"

"काही राखून नाही ना ठेवलंस? वाईट वाटून, घरी बसवलं म्हणून..."

तिने माझ्याकडे बघितलं. चुलीतलं लाकूड मागे ओढलं, हात धुतले, पदराला पुसले आणि चाचीकडे निघून गेली. भात अर्धाच शिजला होता.

वडील ओटीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "रातांबे संपत आलेत. भांडण पावसात करा, तेव्हा काम नसतं."

त्या दिवशी भात मीच उतरवला. तो खाली लागला होता. आईने परत येऊन आपला वाटा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "चल चाचीकडे. तू कर, मी बघते. हात लावत नाय."

आवाजात राग नव्हता, माया नव्हती. परकी बाई बोलावी तसं बोलली. चाचीच्या अंगणात एका टोपलीची सालं तयार होती. मी मिठाचं पोतं उघडलं, मापटं भरलं, खिशातून फुटपट्टी काढली आणि वरून फिरवली.

"हे काय करतंस?" आई म्हणाली.

"सपाट करतोय. माप बरोबर यायला नको?"

मी ओतलं. म्हटलं, "एक."

"एक काय? लाभ म्हण."

"लाभ," मी म्हटलं आणि दुसरं भरायला वाकलो.

"थांब. पुढं कुठे चाललास? वरताळा?"

"कसला वरताळा?"

आईने चाचीकडे बघितलं, चाचीने आईकडे. मला वाटतं त्या क्षणी दोघींनाही कळलं. वरताळा म्हणजे माप भरून दिल्यावर वर घालायची मूठ. कोणाला तांदूळ उसने दिले तरी मापावर एक मूठ जास्त द्यायची, ती हिशेबात धरायची नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. जन्मापासून बघत होतो. आई उजव्या हाताने मापटं ओतायची आणि पुढचा आकडा तोंडातून निघायच्या आत डाव्या हाताची मूठ बरणीत पडायची. प्रत्येक मापामागे एक. वर्षभर ती माझ्यासमोर तशी घालत होती, आणि मी मान वहीत घालून आकडा ऐकत होतो. आकडा आला की लिहीत होतो.

"मुठीचं तू मला कधी बोलली नाहीस," मी म्हटलं.

"बोलायचं काय त्यात? ती मोजायची नसते. मोजली तर वरताळा कसला?"

चाची म्हणाली, "बरकत एकदा तोंडानं बोलायची नि एकदा मुठीनं द्यायची. तुज्या मास्तरला घाटावर हे नसतील शिकवत. पण तू तर हितलाच ना रे?"

तेच तर होतं. सर बाहेरचे होते. त्यांनी प्रत्येक गोष्ट विचारली, पण मीठ मोजण्याबद्दल मी त्यांना म्हटलं होतं, सर, ते माझ्यावर सोडा, ते मला माहीत आहे. माहीत होतं म्हणूनच दिसलं नाही.

आईने वाकून पोत्यातून मूठ भरली. "ही बघ. एवढी." मी ती मूठ तशीच दोन्ही हातांत धरली. तिचा हात मिठाने चिरलेला होता, बोटांच्या सांध्यांवर पांढऱ्या भेगा. माफी मागायची आमच्याकडे रीत नव्हती. किती वेळ धरून होतो कोण जाणे.

"सोड मेल्या, मीठ सांडतंय," आई म्हणाली. आणि मग हळूच, "मी तुझ्यापासून काय राखीन?"

मी तसाच कॉलेजात गेलो आणि सरांना सगळं सांगितलं, फुटपट्टीसकट. वाटलं होतं ते चिडतील. ते आधी हसले, मग त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "चार मापटी आणि चार मुठी. आपण त्या मुठी सोडून सगळं शोधून काढलं." संध्याकाळी ते तराजू घेऊनच घरी आले. म्हणाले, "मावशी, तुमची एक मूठ फक्त या पारड्यात घाला."

"नाय."

"एकदाच."

"मास्तर, तुमी मागाल ते देईन. पण ती वजन केली की संपली. मग ता नुसतं मीठ."

सरांनी तराजू उचलला. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, अडाणी बाई आहे, गुपचूप वजन करू. सोपं होतं ते. मीच रस्त्यात तसं सुचवलं. सर थांबले आणि म्हणाले, "त्यांच्या पाठीमागे केलं तर ते आपल्या सगळ्यांचं काम राहणार नाही, चोरी होईल." आणि चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. ओटीवर बसून पाणी प्याले. "मावशी, मूठ मोजत नाही. तुम्ही नेहमीसारखं आगळ घाला. फक्त पोत्यातलं उरलेलं मीठ मोजलं तर चालेल?"

आई विचारात पडली. वडिलांकडे बघितलं, त्यांनी खांदे उडवले. मग म्हणाली, "उरलेलं मोजा. उरलेल्याला काय धर्म नाय."

आम्ही पोतं आधी तोललं आणि नंतर तोललं. आईने तीन घाणे घातले, तीनही वेळा खर्ची पडलेलं मीठ जवळजवळ सारखं आलं. सर म्हणाले, "मावशी, तुमचा हातच तराजू आहे." आई म्हणाली, "मंग हा कशाला उचलून आणलात घाटावरून?"

मी वहीतली जुनी ओळ खोडली नाही. तिच्याखाली नवी लिहिली, मापटी नाहीत, वजन. मोसमाचे शेवटचे रातांबे उरले होते. या खेपेला आईशिवायच, पण पुरुष नकोत असं मीच म्हटलं. वाडीतल्या चार बायका कोठारात बोलावल्या. त्यांना मीठ तोलून दिलं तर त्यातल्या एकीने सवयीने वर आपली मूठ घातलीच. मी ओरडलो. आई दारात बसून बघत होती, ती उठून आत आली.

"बायांनो, ऐका," म्हणाली. "तुमची मूठ आता तराजूत गेली. पुन्हा घातलीत तर आगळ खारट होऊन समुद्राला मिळेल."

"मंग वरताळा कुठं घालायचा?" त्या बाईने विचारलं. तिचं काही चुकलं नव्हतं.

आईने क्षणभर विचार केला. "रोज घरी जाताना मूठभर आमसुलं घेऊन जा. मोजायची नाय. नि हा लिहिणार नाय." हा म्हणजे मी. मी मान हलवली.

बाटल्या भरेपर्यंत बोटी बंद झाल्या. पावसाचे चार महिने आमच्या किनाऱ्याला बोट लागत नाही. म्हणजे त्या बाटल्या कोठारात वाळूत रुतून, समुद्राच्या दमट हवेत, आमच्या डोळ्यांसमोर बसून राहणार होत्या. आगळ बिघडायचं असेल तर याहून चांगली जागा नव्हती. सर म्हणाले, उत्तमच, याहून मोठी परीक्षा कुठली.

ती परीक्षा खरं तर वडिलांनी घेतली. हात गेल्यापासून ते घरातून फारसे निघत नसत. आता रोज सकाळी इरलं घेऊन बंदरावर जायचे. कोठार उघडून एकेका बाटलीला कान लावायचे. आत फसफसायला लागलं तर आधी आवाज येतो, असं त्यांचंच म्हणणं. खाणीत दगडाला कान लावून चीर कुठे आहे ते कळतं, तसं. मी एकदा मागोमाग गेलो तर म्हातारा वाकून बाटलीशी कान लावून बसलेला, डोळे मिटलेले.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"काय नाय म्हणत," ते म्हणाले. "शहाणी हाय."

श्रावण गेला, गणपती गेले. बूच एकही उडालं नाही. सरांनी एक बाटली फोडून सगळ्यांना वाटीवाटी कढी पाजली. आईने चव घेतली, तोंडात घोळवली. चाचीने विचारलं, "काय गो?" आई म्हणाली, "माझंच हाय." आणि पदर डोळ्याला लावला. तेवढ्यात मला बघून म्हणाली, "चुलीचा धूर." चूल पेटलेली नव्हती.

बोटी सुरू झाल्या तेव्हा पहिल्या बोटीने खोकी गेली. या वेळी मी बरोबर गेलो. खोक्यांना टेकून निजलो, पांढरं धोतर नेसून, मुद्दामच. मुंबईत उतरलो तेव्हा ते पांढरंच होतं. खानावळवाल्याने माझ्यासमोर बाटली फोडली, वास घेतला आणि आतल्या माणसाला म्हणाला, "आजच्या कढीला हेच घ्या." मग मला जेवायला वाढलं.

सरांनी खात्याला अहवाल पाठवला. त्यात एक रकाना होता, शोध कोणी लावला. सरांनी आईचं नाव सगळ्यात वर लिहिलं, त्याखाली चाचीचं, मग माझं, शेवटी आपलं. अंगठा उठवायला कागद आईपुढे ठेवला तर ती मागे सरकली. "माझं नाव सरकारात कशाला? काय चुकलं तर माझ्याकडेच येतील." सर म्हणाले, "चुकलं तर त्यांना याच्याकडे पाठवा," आणि माझ्याकडे बोट केलं. मग तिने अंगठा उठवला. धंद्यात मात्र सरांनी भाग घेतला नाही. पगारी माणसाने दुकान मांडू नये म्हणाले. दरसाल एक बाटली घ्यायचे, तीही पैसे देऊन, आणि आई ते पैसे त्यांच्या पिशवीत परत टाकायची. त्यांची बदली होईपर्यंत हे चाललं.

पुढच्या मोसमाआधी जुन्या कोठाराची एक बाजू पडायला आली होती. वडिलांनी खाणीच्या मालकाकडे जाऊन टाकाऊ चिरे मागितले, कोपरे तुटलेले. मालकाने गाडीभर दिले. ते चिरे वडिलांनी डाव्या हाताने घासून, जुळवून बसवले. दोन गडी होते हाताखाली, पण प्रत्येक चिरा स्वतः चाचपून मगच ठेवू देत. भिंत पुरी झाल्यावर तिला पाठ लावून बसले आणि विडी पेटवली. ती चिऱ्याची आमची पहिली भिंत.

त्या मोसमात कोठारात वाडीतल्या अकरा बायका कामाला होत्या, हिंदू-मुसलमान दोन्ही. मीठ तोलून जायचं आणि घरी जाताना प्रत्येकीच्या पदरात मूठभर आमसुलं जायची, न मोजता. आई एकाही बरणीला हात न लावता दारात बसून होती. तिच्या हाताशिवाय आईचं आगळ झालं, वर्षभर टिकलं, आणि मुंबईला गेलेल्या बाटल्यांपैकी एकही परत आली नाही.